सत्संगाला जाताय, जरूर जा. पण दीक्षा घेण्याआधी बाहेर यायचं दार बघून ठेवा

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले की गावोगावी मांडव पडतात. सप्ताह, पारायणं नेहमीची असतातच. पण त्यांच्या शेजारी एखादा नवा फ्लेक्स दिसतो. गुरूंचा मोठा फोटो, खाली 'सर्व दुःखांवर एकच उपाय' अशी ओळ आणि एक मोबाइल नंबर. पहिल्या दिवशी शेजारीण बोलावते म्हणून बाया जातात. चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नाव पडतं. पंधरवडा झाला की विचारणा सुरू होते, 'ताई, दीक्षा कधी घेताय?'

इथून घरात दोन तट पडतात. आई म्हणते, तिथं गेल्यापासून मला शांत झोप लागते. मुलगा म्हणतो, हे सगळं लुबाडायचं काम आहे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असू शकतात.

कोणता पंथ खरा आणि कोणता खोटा, याचा निवाडा या लेखात केलेला नाही. तो ज्याचा त्याने करायचा आहे. मात्र कुठल्याही नव्या पंथात पाय ठेवण्याआधी सामान्य माणसाला तपासता येतील अशा काही गोष्टी आहेत. त्यासाठी ना शास्त्राचा अभ्यास लागतो, ना मोठं शिक्षण.

नवा आणि वादग्रस्त म्हणजे वाईटच का?

नाही. आपल्या महाराष्ट्रालाच हे सांगायची गरज नाही. महात्मा फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. भटजीशिवाय लग्नं लागायला लागली तेव्हा गावागावांत वाद झाले, प्रकरणं कोर्टापर्यंत गेली. आज त्या समाजाकडे आपण आदराने बघतो. त्यामुळे 'लोक नावं ठेवतात' एवढ्यावरून कुठलीही चळवळ वाईट ठरत नाही. तसंच 'हजारो लोक जातात' एवढ्यावरून ती चांगलीही ठरत नाही.

मग ठरवायचं कशावर? याचं सर्वात मोठं उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आहे.

13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येवल्याच्या परिषदेत जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. धर्म सोडायचं त्या दिवशी ठरलं. पण कुठला धर्म घ्यायचा, याची घाई त्यांनी केली नाही. शीख, ख्रिस्ती, मुस्लिम अशा वेगवेगळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याशी संपर्क साधला. बाबासाहेबांनी वाचलं, चर्चा केल्या, फायदे-तोटे तपासले. मे 1936 मध्ये मुंबईच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांपुढे धर्मांतराची कारणं सविस्तर मांडली. शेवटी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी भाषण करून आपण हे का केलं ते पुन्हा समजावून सांगितलं. बुद्धाने स्वतःला प्रश्नांच्या वर ठेवलं नाही, हे त्यांना त्या मार्गाकडे ओढणारं एक मोठं कारण होतं.

येवला ते नागपूर हा प्रवास 21 वर्षांचा आहे. जगातल्या नामवंत विद्यापीठांत शिकलेल्या माणसाने एवढा वेळ घेतला. तुम्हाला कुणी 'येत्या गुरुवारच्या आत ठरवा, नाहीतर योग निघून जाईल' असं म्हणत असेल, तर आधी हाच प्रश्न विचारा की एवढी घाई कुणाला आहे आणि कशासाठी?

माणूस अशा ठिकाणी जातो का?

गावात सहज बोललं जातं की त्या अमुक बाईवर काहीतरी करणी केली, म्हणून ती तिकडे जाते. किंवा शिकलेले लोक म्हणतात की तिचा 'ब्रेनवॉश' झाला. दोन्ही बोलणी एकाच वळणाची आहेत. त्यात माणसाला स्वतःची बुद्धी नाही असं धरलेलं असतं.

आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी याचा अभ्यास केला. दक्षिण कोरियात 1954 मध्ये सन म्युंग मून यांनी स्थापन केलेल्या युनिफिकेशन चर्चबद्दल त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत मोठी ओरड होती की ते तरुणांची डोकी फिरवतात. बार्करबाईंनी 1979 मध्ये लंडन भागात त्यांच्या निवासी शिबिरांना गेलेल्या हजाराहून जास्त लोकांची माहिती तपासली. दहातले साधारण नऊ जण त्या पंथात गेलेच नाहीत. जे गेले, त्यातलेही बरेच जण पुढच्या दोनेक वर्षांत स्वतःहून बाहेर पडले.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एकदा सत्संगाला गेलं म्हणून कुणी आपोआप अडकत नाही. आणि जे थांबतात, त्यांना तिथं काहीतरी मिळत असतं.

काय मिळतं, ते गावातल्या कुणालाही विचारा. दिवसभर रानात राबून घरी आलेल्या बाईला 'जेवलीस का गं?' असं कुणी विचारत नाही. तिथं विचारतात. नवऱ्याची दारू सुटते, कारण चार माणसं त्याच्याकडे लक्ष ठेवून असतात. मुलगा गेल्यानंतर घराबाहेर न पडलेली आई तिथं जाऊन रडते आणि कुणी तिला 'पुरे आता' असं म्हणत नाही. हे खोटं नाही. म्हणून घरच्यांनी 'तुला अक्कल नाही' असं म्हटलं की बाई घरापासून तुटते आणि तिकडे आणखी घट्ट बांधली जाते.

पण मिळणारा आधार खरा आहे म्हणून आधार देणाऱ्याचा प्रत्येक हिशोब खरा असतो, असंही नाही. हे समजण्यासाठी परदेशातल्या पण आपल्या पुण्याशी जोडलेल्या एका प्रकरणाकडे बघू.

पन्नाससुद्धा लोकवस्ती नसलेलं एक गाव

भगवान रजनीश, म्हणजे नंतरचे ओशो, यांचा आश्रम 1974 पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात होता. 1981 मध्ये ते अमेरिकेला गेले. त्यांच्या लोकांनी ओरेगन राज्यात सुमारे 64,000 एकरांचं रान विकत घेतलं. जवळचं गाव अँटिलोप, लोकवस्ती पन्नासच्याही आत. पंथाच्या लोकांनी तिथं घरं घेतली, निवडणूक जिंकून गावचा कारभार हातात घेतला आणि पुढे गावाचं नावसुद्धा बदलून 'रजनीश' केलं. गावच्या म्हाताऱ्या माणसांवर आपल्याच गावात परकं व्हायची वेळ आली.

तिथं राहणारे अनुयायी अडाणी नव्हते. त्यांत डॉक्टर, वकील, इंजिनिअर होते. ओसाड जमिनीवर त्यांनी शेती उभी केली, बंधारा घातला, रस्ते केले. त्यातल्या अनेकांनी पुढे सांगितलं की ते दिवस आयुष्यातले फार आनंदाचे होते.

पण वरच्या काही मोजक्या लोकांच्या हातात सगळी सत्ता होती. 1984 मध्ये तालुक्यासारख्या तिथल्या काउंटीची निवडणूक जिंकायची म्हणून या टोळक्याने जवळच्या द डॅलस शहरातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले. 751 लोक आजारी पडले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. आपल्याच वस्तीतली संभाषणं चोरून ऐकण्याची यंत्रणाही त्यांनी बसवली होती. सप्टेंबर 1985 मध्ये रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला पंथ सोडून गेल्या आणि खुद्द रजनीशांनीच त्यांच्यावर जाहीर आरोप केले. शीलाबाईंना पुढे शिक्षा झाली. रजनीशांनी इमिग्रेशन कायद्याच्या प्रकरणात तडजोडीने शिक्षा स्वीकारली, 4 लाख डॉलर भरले आणि अमेरिका सोडली. वस्ती मोडली, गावाचं नाव पुन्हा अँटिलोप झालं.

हजारो साध्या अनुयायांना या गुन्ह्यांचा पत्ताही नव्हता. ते ध्यान करत होते, शेतात राबत होते. ते चांगले होते म्हणून वरचा कारभार चांगला ठरला नाही. कारभार का लपून राहिला? कारण वरच्यांना प्रश्न विचारायची सोयच नव्हती. जो विचारेल त्याची श्रद्धा कमी, असं ठरलेलं होतं.

म्हणून तुमच्या गावातल्या सत्संगाला येणारी माणसं किती प्रेमळ आहेत, एवढंच बघून भागत नाही. प्रश्न विचारल्यावर काय होतं, ते बघायचं.

दीक्षेआधी तपासायच्या सहा गोष्टी

1. प्रश्न. भरल्या सभेत नको, पण मुख्य कार्यकर्त्याला साधा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, 'गुरूंचं एखादं म्हणणं पटलं नाही तर काय करायचं?' उत्तर मिळालं तर ठीक. 'तुमची अजून तयारी झालेली नाही' असं म्हणून प्रश्नच परत तुमच्या अंगावर टाकला, तर ते ध्यानात ठेवा.

2. वेळ. 'मी सहा महिने नुसती येईन, दीक्षेचं नंतर बघू' असं सांगून बघा. चालेल म्हणाले तर चांगलं. वागणूक बदलली, फोन वाढले, 'घरावर संकट येईल' अशी भीती घातली, तर थांबा.

3. पैसा आणि जमीन. देणगी संस्थेच्या खात्यात जाते की एखाद्या माणसाच्या? क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइलवर कुणाचं नाव येतं ते वाचा. संस्थेचा नोंदणी क्रमांक असलेली पावती मागा. धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेल्या संस्थेचे विश्वस्त कोण, याचा उतारा तिथं मिळतो. बचत गटाचं कर्ज काढून किंवा डाग गहाण टाकून सेवा करायला सांगणारा माणूस तुमच्या भल्याचा नाही. जमिनीचं तर अजिबात तोंडी बोलू नका. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र, नंतर मन बदललं म्हणून, परत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुला-मुलींचाही हिस्सा असतो. आणि शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमीन करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा कुणालाच देऊ नका.

4. औषध. प्रार्थनेने मनाला बळ येतं, हे कुणी नाकारत नाही. पण शुगर, बीपी, फिट, मानसिक आजार यांच्या गोळ्या बंद करायला सांगणारी जागा सोडायची. टीबीचं औषध अर्धवट सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि आजार घरातल्या इतरांनाही लागू शकतो. साप चावल्यावर तर एकच रस्ता, ग्रामीण रुग्णालय.

5. माणसं. 'जे आपल्यात नाहीत, त्यांच्याशी बोलणं कमी करा' असं सांगितलं जातं का? माहेर, भावकी, जुन्या मैत्रिणी, लग्न-मयत यांपासून हळूहळू तोडलं जातं का? कुठलाही आधार चांगला, पण दुसरे सगळे आधार काढून घेणारा आधार धोक्याचा.

6. बाहेर पडणं. हे सर्वात महत्त्वाचं. पंथ सोडून गेलेल्या दोन माणसांना भेटा. त्यांच्याबद्दल आत काय बोललं जातं तेही ऐका. 'त्यांचं जमलं नाही, गेले, अजूनही येता-जाता बोलतात' असं असेल तर दार उघडं आहे. 'गेला आणि त्याचं वाटोळं झालं' अशाच गोष्टी सांगितल्या जात असतील, तर ते दार आतून बंद केलेलं आहे. विहिरीत उतरणारा माणूस आधी दोर तपासतो. इथंही तेच करायचं.

या सहा कसोट्या नव्या पंथालाच लावा असं नाही. जुन्या मठाला, देवस्थानालाही लावून बघा.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम 25 नुसार प्रत्येकाला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत हे स्वातंत्र्य आहे. म्हणजे सज्ञान माणसाला पंथात जाण्यापासून घरचे कोंडून ठेवू शकत नाहीत आणि पंथवालेही कुणाला डांबून ठेवू शकत नाहीत.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. या कायद्याच्या अनुसूचीत 12 गोष्टी दिल्या आहेत. चमत्कार दाखवून पैसे उकळणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-दोरा करणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून लैंगिक संबंध ठेवणं, अशा प्रकारांना 6 महिने ते 7 वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे 'हा कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे' हे म्हणणं खरं नाही.

दुसरा कायदा फारसा कुणाला माहीत नसतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा महाराष्ट्रात जुलै 2017 पासून लागू आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तो दोन्ही बाजूंनी लागतो. घरातल्या कुणी नवा पंथ धरला म्हणून समाजाने त्या घराशी रोटी-बेटी, पाणवठा, दुकान बंद करायचं नाही. आणि पंथ सोडला म्हणून पंथाच्या लोकांनीही कुणाला वाळीत टाकायचं नाही.

घरातल्या कुणी जायचं ठरवलंच असेल तर?

भांडण करून उपयोग होत नाही, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे. फोटो फेकणं, मोबाइल काढून घेणं, चारचौघांत पाणउतारा करणं यातून पंथाचंच म्हणणं खरं ठरतं, की घरचे आपले नाहीत.

त्यापेक्षा असं बोलून बघा. 'आई, तू जा. मी एक दिवस तुझ्याबरोबर येतो. फक्त तीन गोष्टींचा शब्द दे. गोळ्या बंद करायच्या नाहीत, मला विचारल्याशिवाय कुठं सही-अंगठा द्यायचा नाही, आणि आक्काच्या घरी दर महिन्याला जातेस ते थांबवायचं नाही.' यात तिच्या श्रद्धेला कुठंच हात लावलेला नाही. पंथ चांगला असेल तर या तीन गोष्टींना हरकत घेणार नाही. हरकत घेतली, तर ती कुणी घेतली हे आईलाच दिसेल.

आणि घरच्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. तिला तिथं जे मिळतं, ते घरात का मिळालं नाही?

शाळा सोडून मूल आश्रमात पाठवायची गोष्ट निघाली, तर मात्र तिथं समजूत काढत बसायचं नाही. 18 वर्षांखालचं मूल स्वतःचा असा निर्णय घेऊ शकत नाही. लगेच चाइल्डलाइनला कळवा.

आत आहात आणि निघायचं आहे?

एकट्याने जाऊन मोठा वाद घालू नका. आधी घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला सांगा. आधार कार्ड, बँक पासबुक, सातबारा, दागिने कुणाकडे आहेत ते बघा. दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि मोबाइलमधले मेसेज जपून ठेवा. जमिनीचा फेरफार धरला गेला असेल, तर तो मंजूर होण्याआधी तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. धमकी आली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून पोच घ्या. बाहेर आल्यावर काही महिने रिकामं रिकामं वाटतं, घेतलेली भीती मनातून लवकर जात नाही. ते वेडेपणाचं लक्षण नाही. बोलायला माणूस लागतो.

गावकऱ्यांनीही इथं एक करावं. परत आलेल्याला 'आम्ही म्हणत होतो ना' असं ऐकवू नये. त्या एका वाक्याच्या भीतीने कितीतरी लोक नको असताना आतच राहतात.

हे नंबर जपून ठेवा

तातडीची पोलीस मदत: 112
महिला हेल्पलाइन: 181
चाइल्डलाइन: 1098
मोफत कायदेशीर सल्ला, विधी सेवा प्राधिकरण: 15100
मानसिक आधार, टेलिमानस: 14416
ऑनलाइन आर्थिक फसवणूक: 1930